नोकरी सांभाळून सीए फायनलचा अभ्यास : पुस्तक समोर असते, मन दुसरीकडेच असते

प्रश्नकर्ता : रावपुरा_वाचक

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात राहतो. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, पूर्ण झाल्यावर अलकापुरीतील एका फर्ममध्ये पगारावर काम करतो आहे आणि जानेवारीत सीए फायनलच्या पहिल्या ग्रुपला बसणार आहे. वेळ मिळत नाही अशी माझी तक्रार नाही. रात्रीचे जेवण झाल्यावर नऊ ते बारा हा वेळ मला जवळजवळ रोज मिळतो. परंतु त्या तीन तासांत पाने उलटली जातात, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा ओढल्या जातात, आणि पानाच्या तळाशी पोहोचल्यावर आपण काय वाचले असे स्वतःला विचारले तर दोन वाक्येही धड सांगता येत नाहीत. ऑडिटच्या स्टँडर्ड्सच्या, म्हणजे लेखापरीक्षण कसे करावे हे सांगणाऱ्या मानकांच्या, बाबतीत हे सर्वाधिक होते. फायनान्शियल रिपोर्टिंगची गणिते सोडवताना मात्र तितका त्रास होत नाही.

घर रावपुऱ्यातील जुने आहे आणि कुटुंब एकत्र आहे. आजीला कमी ऐकू येत असल्यामुळे तिच्या मराठी मालिका मोठ्या आवाजात चालतात. दिवसभरात तिला तेवढीच करमणूक असल्याने आवाज कमी करा असे सांगणे मला बरे वाटत नाही, म्हणून मी इयरफोन लावून गाणी ऐकत वाचतो. फोन उलटा करून टेबलावरच ठेवतो. पंचवीस मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे विश्रांती अशी घंटा लावण्याची पद्धतही वापरून पाहिली, पण जरा कुठे विषयात शिरावे तोच घंटा वाजते. शिवाय कार्यालयातील काम डोक्यात घोळत राहते. एखाद्या अशिलाचे जीएसटीचे आकडे जुळलेले नसतील, तर नऊ वाजता पुस्तक उघडल्यावर तेच आकडे डोळ्यांपुढे येतात.

ही इच्छाशक्तीची उणीव आहे, थकवा आहे, की माझी पद्धतच चुकते आहे? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : मानसशास्त्र_निवृत्त

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपणच जाता जाता लिहून ठेवले आहे. गणिते सोडवताना मन फारसे भटकत नाही, स्टँडर्ड वाचताना भटकते. माणूस तोच, टेबल तेच, आजींची मालिकाही तीच. तेव्हा आपल्यात एकाग्र होण्याची क्षमताच नाही, हे निदान टिकत नाही. फरक आहे तो कामाच्या स्वरूपात. गणित आपल्याकडून दर दोन-तीन मिनिटांनी काहीतरी मागते, एखादा आकडा, एखादी नोंद, आणि ती चुकली तर ताळेबंद जुळत नाही म्हणून लगेच कळते. स्टँडर्ड आपल्याकडून काहीच मागत नाही. डोळे ओळींवरून फिरत राहिले तरी त्याची हरकत नसते.

केवळ पाहत राहण्याच्या कामात लक्ष किती लवकर ढळते, याचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी रडारच्या पडद्यावर नजर ठेवून बसलेल्या ब्रिटिश वायुदलातील माणसांच्या नजरेतून काही वेळाने खुणा निसटू लागत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी घड्याळासारखी एक तबकडी तयार केली, जिच्यावरील काटा एकेक टप्पा पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन टप्प्यांची उडी घेई. ती उडी दिसली की कळ दाबायची, आणि हे दोन तास चालू ठेवायचे. १९४८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत पहिल्या अर्ध्या तासातच निसटलेल्या उड्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसते. ती माणसे आळशी नव्हती आणि त्यांच्या कामाचे मोलही त्यांना ठाऊक होते. रात्री नऊ ते बारा नुसते पान पाहत बसणाऱ्या विद्यार्थ्याकडून आपण त्याहून वेगळी अपेक्षा का ठेवावी?

म्हणून माझी पहिली सूचना अशी की स्टँडर्ड वाचणे कमी करावे आणि ते मिटून लिहिणे वाढवावे. उदाहरणार्थ एसए ५०५, म्हणजे बाहेरच्यांकडून पुष्टी मिळवण्याविषयीचे ऑडिटचे स्टँडर्ड, घ्या. बाहेरच्या पक्षाकडून थेट पुष्टी मागवण्यास व्यवस्थापनाने लेखापरीक्षकाला मनाई केली तर त्याने काय करावे, एवढाच भाग वाचून पुस्तक मिटावे आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत कागदावर उतरवावे. मनाईची कारणे विचारणे, ती सयुक्तिक आहेत का हे पडताळणे, पर्यायी तपासणी करणे, कारणे न पटल्यास कारभारावर देखरेख ठेवणाऱ्यांना कळवणे आणि अभिप्रायावर होणाऱ्या परिणामाचा विचार करणे, यांतील एखादा दुवा सुटला तर तो कागदावर सुटलेला दिसतो. मग पुस्तक उघडून नेमका तेवढाच भाग पाहावा. दुसऱ्यांदा पाहताना मन भटकत नाही, कारण आता ते काहीतरी शोधत असते.

या पद्धतीचा स्मरणासाठी होणारा लाभ वेगळाच आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांत आठवून लिहिणारे पुढे गेले. पुनर्वाचनाने समाधान लगेच मिळते आणि खाली ओढलेल्या रेघांनी ते आणखी वाढते. परीक्षा मात्र पाच मिनिटांनी नसते.

कार्यालयातील आकडे डोळ्यांपुढे येण्याविषयी. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर पहिल्याचा काही अंश मनात मागे रेंगाळतो, असे सोफी लेरॉय यांनी २००९ मधील आपल्या शोधनिबंधात दाखवले आहे. तो विचार बळाने दाबण्यापेक्षा कार्यालयातून निघण्यापूर्वी कागदावर दोन ओळी लिहाव्यात : जुळणी कोणत्या महिन्यापर्यंत झाली आणि उद्या सर्वप्रथम कोणते बिल तपासायचे. पुढचे पाऊल नेमके ठरले की अपुऱ्या कामाचा मनावरील ताबा बराच सैल होतो. हे मी प्रयोगांच्या आधारे सांगत आहे, तरीही माझ्या माहितीतील एका बँक अधिकाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, हेही नमूद करतो.

फोनबाबत थोडक्यात लिहितो. फोन नुसता टेबलावर असला तरी बौद्धिक कामगिरी घटते, असा निष्कर्ष २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी काढला होता. नंतरच्या प्रयोगांत तो प्रत्येक वेळी दिसून आला नाही. तरीही फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला खर्च काहीच येत नाही.

उत्तर : मांडवी_ग्रंथप्रेमी

सरांचे म्हणणे मान्य आहे, पण जागेचा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. ज्या टेबलावर जेवणानंतर पाहुण्यांशी गप्पा होतात आणि विजेचे बिलही भरले जाते, तेथे बसल्याबरोबर अभ्यासाची वृत्ती येईल, अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. आपण बडोदेकर आहोत. महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारली, ती लोकांनी वाचावे म्हणून. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशांचे मजले पाहायला बाहेरगावचे लोक येतात, आणि शहरातले विद्यार्थी मात्र कॅफेत कॉफीचा कप पुढ्यात ठेवून अभ्यास करतात, याचे मला नेहमी नवल वाटते. रविवारी लांब बैठक हवी असेल तर कोणत्याही शांत वाचनकक्षात जावे, पुस्तक एकच न्यावे आणि चार्जर नेऊ नये. ही शेवटची अट हास्यास्पद वाटेल, पण फोनची बॅटरी संपत आली की माणूस तो आपोआप जपून वापरतो.

उत्तर : साधक_फतेगंज

रोज पहाटे त्राटक करावे. ज्योतीवर दृष्टी स्थिर केली की चित्त स्थिर होते आणि अभ्यासात आपोआप मन लागते. घंटा आणि वह्या यांची आवश्यकता राहत नाही.

उत्तर : मानसशास्त्र_निवृत्त

त्राटकाने कोणाला शांत वाटत असेल तर त्यास माझा विरोध नाही. ज्यांना डोळ्यांचा विकार आहे त्यांनी आधी नेत्रवैद्यांना विचारावे. परंतु ज्योतीवर मन ठरले म्हणून ते एसए ५०५ वरही ठरेल, हे गृहीत धरता येत नाही. ज्या कामाचा सराव करावा त्यातच प्रावीण्य येते, आणि एका कामातील सरावाचा लाभ दूरच्या दुसऱ्या कामात फार थोडा उतरतो, असाच आजवरचा एकंदर अनुभव आहे.

उत्तर : ठेका_सोळा_मात्रा

मी तबला शिकवतो. सूरसागरासमोरच्या संगीत महाविद्यालयात, म्हणजे १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेच्या आजच्या रूपात, माझे शिक्षण झाले. अकाउंट्समधले मला काही कळत नाही, पण सरांनी जे लिहिले ते आमच्या रियाजात रोज दिसते, म्हणून लिहितो आहे.

विद्यार्थी एखादा कायदा, म्हणजे तबल्याची ठरलेली बोलरचना, घोटत असतो, तिचे पलटे म्हणजे फेरफार करत असतो, आणि बोल हातात बसले की मन घरी जाते. हात चालूच राहतात. आपल्या रेघा ओढण्यासारखेच हे आहे. तीनतालात मात्र सोळा मात्रांनंतर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते आणि लेहरा, म्हणजे साथीला सतत वाजणारी धून, चालू असेल तर मन गेलेल्या माणसाची सम हमखास चुकते. म्हणजे मन कधी गेले हे त्याला एका आवर्तनात कळते, अर्ध्या तासाने नव्हे. मन जाऊच नये असा उपाय माझ्या गुरुजींपाशीही नव्हता. ते लेहरा बंद करून रियाज करू देत नसत, एवढेच.

त्यामुळे आपल्या वाचनाला सम कोठे आहे, ते आपण शोधावे. परिच्छेद संपला की समासात पाच-सहा शब्दांत त्याचा आशय लिहावा. लिहिता आला नाही, तर सम चुकली असे समजून त्याच परिच्छेदाकडे परत यावे आणि स्वतःवर न चिडता पुढे जावे. चिडलेला विद्यार्थी पुढचे आवर्तनही घालवतो, हे मी वर्गात कायम पाहतो. दुसरे असे की लय आधी विलंबित, म्हणजे संथ, ठेवावी. थकलेल्या अवस्थेत दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, वाजवणारे विद्यार्थी बोल गिळतात. आपणही रात्री अकरानंतर पाने भराभर उलटत असणार, असा माझा अंदाज आहे.

उत्तर : वैद्यक_कारेलीबाग

मी डॉक्टर आहे आणि या चर्चेत झोपेचा विषय अद्याप निघाला नाही याचे आश्चर्य वाटते. प्रश्नकर्ते बारापर्यंत जागतात आणि सकाळी कामावर जातात; मधल्या काळात चहा किती होतो हे त्यांनी लिहिलेले नाही. कॅफीनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सर्वसाधारणपणे पाच तासांच्या आसपास वेळ लागतो, म्हणून रात्री दहाला घेतलेल्या चहातील निम्मे कॅफीन पहाटे तीनलाही शरीरात असू शकते. झोप लागते, पण ती पुरेशी गाढ नसते, आणि दिवसा वाचलेले पक्के होण्यासाठी तीच झोप लागते. साडेदहाला झोपून पहाटे उठणे जमत असेल तर करून पाहावे. ज्यांना पहाट मानवत नाही, त्यांनी निदान शेवटचा चहा संध्याकाळी उरकावा.

थकवा सतत असेल तर रक्ततपासणी करून घ्यावी. शाकाहारी कुटुंबांत बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार हीदेखील मन न लागण्याची नेहमीची कारणे आहेत. उदासी, भूक मंदावणे, कशातच रस न वाटणे अशी लक्षणे सोबत असतील, तर प्रश्न अभ्यासपद्धतीचा राहत नाही आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. अलीकडे समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून स्वतःला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, आहे असे ठरवणारी तरुण मंडळी माझ्याकडे येतात. त्या निदानासाठी लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीपासून आणि घर, शाळा, कार्यालय यांपैकी एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. ती तशी असतील तर संकोच न करता तपासणी करावी, कारण उपचार उपलब्ध आहेत. केवळ ऑडिटचे पुस्तक वाचतानाच त्रास होत असेल, तर शक्यता कमी आहे.

रावपुरा_वाचक :

सर्वांचा मनापासून आभारी आहे. चहाविषयी डॉक्टरसाहेबांनी जे लिहिले ते वाचून आईने थर्मास उचलून स्वयंपाकघरात नेला, एवढा परिणाम तातडीने झाला. लहानपणी असा त्रास नव्हता. समासात आशय लिहिण्याचा प्रयोग केला. वेग इतका मंदावतो की जानेवारीपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण होईल की नाही, अशी धास्ती वाटते. आणि आता नवरात्र तोंडावर आहे. आमच्या मागील मैदानावर नऊही रात्री बारापर्यंत गरबा चालतो, खिडक्या बंद केल्या तरी ढोल ऐकू येतो. इयरफोनवर गाणी लावून अभ्यास होईल का?

उत्तर : मानसशास्त्र_निवृत्त

गाण्यांनी गाणी झाकू नयेत. शब्द असलेला आवाज आपण ऐकत नसलो तरी क्रमाने लक्षात ठेवण्याच्या कामात अडथळा आणतो. कॉल आणि वेल्श यांच्या १९७६ मधील प्रयोगात तो आवाज ऐकणाऱ्यांना न कळणाऱ्या जर्मन भाषेतील होता, तरीही चुका वाढल्या. गायनासह असलेले संगीत केवळ वाद्यसंगीतापेक्षा अधिक बाधक ठरते, असे सॅलामे आणि बॅडली यांना १९८९ मध्ये आढळले. पंख्याचा किंवा पावसाचा एकसुरी आवाज त्यामानाने बरा. आजींच्या मालिकेलाही हेच लागू आहे. टीव्हीला जोडायचे बिनतारी हेडफोन मिळतात, त्यांत त्यांना संवाद अधिक स्पष्ट ऐकू येतील आणि आपल्याला आवाज कमी करा असे सांगण्याची वेळ येणार नाही.

उत्तर : सनदी_लेखापाल_वडोदरा

मी काही वर्षे करसल्ला आणि लेखापरीक्षणाचे काम करतो आहे, शिवाय विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका सरावासाठी तपासतो, म्हणून दोन-तीन व्यावहारिक गोष्टी सांगतो.

आपण टाकून दिलेली पंचवीस मिनिटांची घंटा मला टाकाऊ वाटत नाही. ती पद्धत फ्रान्सिस्को चिरिलो या इटालियन गृहस्थांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना स्वतःसाठी काढली, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील घड्याळावर. तिच्यातील आकडा काही शास्त्राने सिद्ध केलेला नाही. आपला आकडा आपल्या परीक्षेतून काढावा. १०० गुणांसाठी १८० मिनिटे, म्हणजे एका गुणाला १.८ मिनिटे, १४ गुणांच्या प्रश्नाला २५ मिनिटांहून किंचित अधिक. म्हणजे ती घंटा वाचनासाठी लावली तर अडथळा करते, आणि एक मोठा प्रश्न लिहून काढण्यासाठी लावली तर चपखल बसते. घंटा वाजली की उत्तर आहे तेथे सोडावे लागेल, हे माहीत असलेला माणूस इकडेतिकडे पाहत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून मात्र घंटा बंद करून पूर्ण तीन तासांचे पेपर सोडवावेत, कारण परीक्षागृहात कोणी पाच मिनिटांची विश्रांती देत नाही.

वेग मंदावल्याची धास्ती स्वाभाविक आहे, पण आधीचा वेग खरा नव्हता. दोन वाक्ये सांगता येत नाहीत असे आपणच लिहिले आहे. तेव्हा ती पाने झाली, असे धरून वेळापत्रक आखण्यात अर्थ नाही. सर्वच स्टँडर्ड्स इतक्या खोलात करू नयेत. अहवालाशी संबंधित ७०० च्या मालिकेला आणि पुराव्याशी संबंधित ५०० च्या मालिकेला हा वेळ द्यावा, बाकीच्यांची एकदा लेखी उजळणी पुरे. याबाबत कोचिंगवाल्यांचे मत वेगळे असते, ते असू द्यावे. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ४० आणि एकूण सरासरी ५० गुण लागतात. सगळे थोडे थोडे पाहिलेला विद्यार्थी चाळिशीच्या अलीकडेच अडकतो, असे मी तपासलेल्या पेपरांत दिसते.

नवरात्राबद्दल म्हणाल तर बडोद्यात राहून नऊ रात्री खिडकी लावून बसण्याचा हट्ट करू नये. दोन रात्री खुशाल गरब्याला जावे. उरलेल्या रात्री आवाजात स्टँडर्ड्सना हात लावू नये. कंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याची आणि अॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंटची गणिते कागदावर सोडवावीत, कारण त्या कामात आपले मन टिकते असे आपण स्वतःच सांगितले आहे. ऑडिट पहाटे करावे. त्या नऊ दिवसांत पहाटेइतकी शांत वेळ गावात दुसरी नसते, सारे शहर उशिरा झोपलेले असते.

एसए ५०५ वरील उत्तर लिहिले असेल तर त्याचे छायाचित्र येथे टाकावे, मी तपासून गुण देतो. वेळ किती लागला तेही वर लिहावे.